खुला मागण्याआधी: मुस्लिम स्त्रीने लग्नातून कायदेशीर मोकळं कसं व्हावं

काझींच्या सहीशिक्क्याचा खुलानामा, म्हणजे बायकोने मागून घेतलेल्या घटस्फोटाचा कागद, हातात असतो, इद्दतही (घटस्फोटानंतर पुन्हा निकाह करण्याआधी थांबायची मुदत) संपलेली असते, आणि दोन वर्षांनी नवरा कोर्टात उभा राहून म्हणतो, "मी कधी कबूलच केलं नव्हतं. ती अजून माझ्या निकाहात आहे." करोनाच्या काळात घाईने झालेल्या खुल्यांमागे ही कटकट हमखास लागलेली असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कोर्टात तातडीचीच कामं चालत होती, मशिदी आणि जमातीची कार्यालयं बंद होती. घराघरांत मात्र बेकारी होती, एकाच खोलीत सगळं कुटुंब कोंडलेलं होतं आणि मारहाण वाढली होती. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी वेगळा व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला तो याच दिवसांत. ज्यांना थांबणं शक्यच नव्हतं त्यांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर, मामाला नाहीतर मेहुण्याला मध्ये घालून खुला उरकला. धर्माच्या दृष्टीने सुटका झाली, कागद अर्धेच राहिले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. खुला हा स्त्रीचा हक्क आहे हे खरं, पण प्रत्येक दुःखी लग्नाला खुला हेच औषध नाही. खुल्यात साधारणपणे मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम किंवा वस्तू, सोडावा लागतो. नवरा मारतो, खर्च देत नाही, दुसरीकडे घर थाटून बसला आहे, अशा वेळी दोष त्याचा आणि मेहर सोडणार तुम्ही, हा उफराटा व्यवहार आहे. काझींकडे जाण्याआधी हा हिशेब मांडायचा.

आधी बघा, लग्न कोणत्या कायद्याखाली झालं

निकाह झाला असेल तर मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू होतो. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये तलाकसोबत खुला आणि मुबारत यांची नावं लिहिलेली आहेत, म्हणजे हे मार्ग नुसते रिवाजाचे नाहीत. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेलं असेल तर खुला चालणार नाही. तिथे त्या कायद्याप्रमाणेच घटस्फोट घ्यावा लागतो, मग दोघेही मुस्लिम का असेनात.

गोव्यातल्या बहिणींनी इथे विशेष लक्ष द्यावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सर्व धर्मांना लागू आहे, १९३७ चा शरियत कायदा तिथे लागू नाही. सावंतवाडीची मुलगी मडगावात दिली, लग्नाची नागरी नोंदणी तिथे झाली, आणि माहेरी परतून तिने सावंतवाडीच्या काझींकडून खुला घेतला, तरी गोव्याच्या नोंदीत ती विवाहितच राहते. तिला तिथल्या दिवाणी न्यायालयातून आदेश आणावा लागेल.

पाच दरवाजे, पाचांची किंमत वेगळी

*तलाक* नवरा देतो. तीनदा उच्चारून एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो खटल्यात रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. याचा एक उलटा परिणाम महिला मंडळांत काम करणाऱ्यांना दिसतो: नवऱ्यालाच लग्न मोडायचं असतं, पण तो तोंडातून तलाक काढत नाही. बायकोला इतकं छळतो की तीच खुला मागते. गुन्हा टळतो आणि मेहरही वाचतो. तुमच्या घरात असं चाललं असेल तर आधी ओळखा, तुम्हाला सुटका हवी आहे की त्याला.

*मुबारत* म्हणजे दोघांच्या राजीखुशीने वेगळं होणं. यात मेहर सोडलाच पाहिजे असं नाही, जे ठरेल ते लिहून घ्यायचं. नवरा बोलायला तयार असेल तर माझ्या मते हा सगळ्यात कमी मनस्तापाचा मार्ग.

*खुला* बायको मागते आणि बदल्यात मेहर किंवा त्यातला काही भाग परत करते, नाहीतर न मिळालेल्या मेहरवरचा दावा सोडते. आधार कुराणातल्या सूरह बकराच्या २२९ व्या आयतीचा. साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत करून लग्न संपवलं, ही हदीस खुल्याच्या चर्चेत सगळेच देतात.

*फस्ख* म्हणजे न्यायाधीशाने लग्न मोडणं. आपल्याकडे त्यासाठी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. यात कारण सिद्ध करावं लागतं, पण मेहर जात नाही. त्या कायद्याचं कलम ५ तेच सांगतं.

*तफवीज* बहुतेकींना माहीतच नसतं. निकाहाच्या वेळी नवऱ्याने काही अटींवर तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवलेला असू शकतो. निकाहनाम्याच्या शेवटी 'शर्ती' म्हणून जो रकाना असतो तो वाचा. बहुतेक ठिकाणी तिथे आडवी रेघ मारलेली असते, पण वाचल्याशिवाय सोडू नका.

मौलवी अडवत असतील तर

"बाईला कोर्टातून तलाक मिळत नाही" असं सांगणारे अजून भेटतात. १९३९ चा कायदा आला कसा, हे त्यांना शांतपणे सांगता येईल. हनफी मताप्रमाणे (आपल्याकडचे बहुतेक सुन्नी ही शाखा मानतात) बाईला सुटका मिळणं फार अवघड होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात काही स्त्रिया नुसत्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी धर्म सोडू लागल्या. त्यावर उपाय म्हणून मौलाना अशरफ अली थानवींसारख्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मालिकी या दुसऱ्या सुन्नी शाखेच्या मताचा आधार घेऊन बाईला सुटकेची कारणं खुली केली. कायद्यातली कारणं त्या विचारातून आली आहेत. एक अडचण तेव्हापासूनची आहे. खटला मुस्लिम न्यायाधीशापुढेच चालावा, ही उलेमांची मागणी कायद्यात आली नाही. म्हणून काही दारुल कजा (काझींची धार्मिक न्यायमंडळं) आजही सरकारी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्याला धर्माच्या दृष्टीने पुरेसं मानत नाहीत. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्हीकडचे कागद घ्यावेत. समाजात उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून धर्माचा, आणि कायद्यात कोणी अडवू नये म्हणून कोर्टाचा.

दारुल कजाचा किंवा काझींचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुढे जाऊन सांगितलं की शरियत कौन्सिलसारख्या खाजगी संस्थांनी दिलेलं खुल्याचं प्रमाणपत्र ग्राह्य नाही, बाईने कुटुंब न्यायालयात जावं.

आपल्या महाराष्ट्रात ही मागणी जुनी आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या, तेव्हा 'तोंडी तलाक बंद करा' म्हणणंसुद्धा धाडसाचं होतं. पुण्यात १९७० मध्ये स्थापन झालेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ, मुंबईतली आवाज-ए-निस्वां, आणि २००७ पासूनचं भारतीय मुस्लिम महिला आंदोलन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आंदोलनाने तर स्त्रियांना काझीचं शिक्षणही दिलं. पुरुष काझींपुढे बोलायला जीभ रेटत नसेल तर अशा संघटनांची मदत घ्यावी.

घर सोडण्याआधी काय गोळा करायचं

निकाहनाम्याची नक्कल पहिली. तो उर्दूत असेल तर कोर्टासाठी भाषांतर लागेल. मूळ प्रत सासरी अडकली असेल तर ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या दफ्तरात दुसरी प्रत असते, मशिदीच्या किंवा जमातीच्या नोंदवहीतही असते. टाळेबंदीत चार माणसांत उरकलेल्या निकाहांची पंचाईत जास्त होते. काहींचा निकाहनामा भरलाच गेला नाही. अशा वेळी निकाहातले वकील (मुलीच्या वतीने होकार सांगणारे) आणि साक्षीदार यांची नावं, निकाहाचे फोटो आणि व्हिडिओ, बायको म्हणून रेशनकार्डावर किंवा मुलाच्या जन्मदाखल्यावर आलेलं नाव, यांवर लग्न सिद्ध करता येतं.

मग बँकेचं पासबुक. ते कसं वाचायचं ते दाखवते. समजा नवरा दर महिन्याच्या पाच-सात तारखेला आठ हजार टाकायचा. एप्रिल २०२० पासून जमा बाजूला त्याचं नाव दिसत नाही, मध्ये एकदा ईदेला दोन हजार दिसतात, पुढे काहीच नाही. या पानांवर शिक्का मारून घ्या, कारण तुमचा पुढचा सगळा खटला त्या कोऱ्या जागांवर उभा राहू शकतो. यूपीआयने पैसे यायचे तर त्या ॲपमधला व्यवहारांचा तपशील काढून ठेवा.

दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच, ११२ किंवा १८१ ला केलेल्या फोनची तारीख, हे सगळं लिहून ठेवा. व्हॉट्सॲप संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. मूळ फोन आणि त्यातली चॅट जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मागतात. कुटुंब न्यायालय पुराव्याच्या बाबतीत थोडं सैल असतं, तरी तयारी पक्की असावी.

दागिन्यांची यादी करा. माहेरचे कोणते, सासरचे कोणते, मेहरमध्ये आलेले कोणते, असे तीन ढीग कागदावर पाडा. दुकानाची पावती नसेल तर लग्नाच्या फोटोत गळ्यातला हार, हातातल्या बांगड्या दिसतात का ते बघून त्या फोटोच्या मागे नोंद करा. खुल्याच्या बैठकीत "सगळं परत केलं" असं एक वाक्य पंच लिहून टाकतात आणि माहेरचं सोनंही त्यात वाहून जातं.

जीवाला धोका असेल तर कागद नंतर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याखाली संरक्षण, राहण्याची सोय, आर्थिक मदत आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो, तोही तुम्ही सध्या जिथे राहता तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे. अर्जासाठी जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा सखी केंद्रात जा. पोलीस ठाण्यांना जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही मदत करतात. हा अर्ज केला म्हणून घटस्फोट घ्यावाच लागतो असं नाही.

पोटगीचा अर्ज खुल्याच्या आधी

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. खुल्यानंतरची पोटगी नाकारणारे निकाल आहेत. 'तिने स्वतःच राहायला नकार दिला' असा त्यांचा तर्क. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला मोहम्मद अब्दुल समद खटल्यात सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा १९८६ चा कायदा त्या आड येत नाही. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे. या ओढाताणीत तुमचं प्रकरण सापडू नये म्हणून पोटगीचा अर्ज लग्न टिकून असतानाच दाखल करा. राहता त्या ठिकाणच्या कोर्टात तो करता येतो. अंतरिम पोटगीही लगेच मागा. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते.

मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. खुलानाम्यात आईने तो सोडला तरी मुलांचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात मुस्लिम मुलांचा पोटगीचा हक्क आईच्या घटस्फोटापासून वेगळा असल्याचं सांगितलं आहे. तरीही "मुलांचं काही मागणार नाही" हे वाक्य बैठकीत लिहायला लावतात. लिहू नका. ताब्याच्या बाबतीत हनफी मत मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे देतं, पण कोर्ट शेवटी मुलाचं भलं बघतं.

समेट: खराखुरा आणि कागदावर

कुराणाच्या सूरह निसातल्या ३५ व्या आयतीत दोन्हीकडून एकेक पंच नेमायला सांगितलं आहे. धर्माची गोष्ट बाजूला ठेवली तरी कोर्टात हे कामी येतं. केरळ उच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२१ ला, म्हणजे करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, १९७२ पासूनचा आपलाच निकाल फिरवला आणि मुस्लिम स्त्रीला कोर्टाबाहेर खुला घेता येतो असं सांगितलं. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: तिने लग्न संपवत असल्याचं स्पष्ट जाहीर केलं का, मेहर किंवा मिळालेला लाभ परत करण्याची तयारी दाखवली का, आणि त्याआधी समेटाचा मनापासून प्रयत्न झाला का.

म्हणून बैठक झाली की तिची तारीख, जागा, कोण कोण होतं आणि काय ठरलं हे एका कागदावर लिहून सह्या घ्या. नवरा आलाच नाही तर तेही लिहा. बैठक व्हिडिओ कॉलवर झाली तरी चालेल, आखातातल्या नवऱ्यांच्या बाबतीत तसंच करावं लागतं. फक्त कॉलच्या आधी आणि नंतर व्हॉट्सॲपवर "आज अमुक वेळी बोलणं ठरलं आहे", "बोलणं झालं, तुम्ही असं म्हणालात" असे दोन साधे संदेश टाकून ठेवा.

खुल्याची नोटीस

नवऱ्याचा होकार लागतो का? जुन्या हनफी रीतीप्रमाणे लागतो, आणि बरेच काझी तेच धरून बसतात. केरळनंतर तेलंगणा उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की खुल्याला नवऱ्याच्या संमतीची गरज नाही, मुफ्तींचं प्रमाणपत्र सल्ल्यापुरतं आहे. मेहरच्या परतफेडीबद्दल तो बोलणी करू शकतो, खुलाच अडवू शकत नाही. हे दोन्ही निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण तुमचा वकील ते आधार म्हणून नक्की दाखवू शकतो. नवरा होकार देत असेल तर उत्तमच, लेखी घ्या.

नोटिशीचा मजकूर छोटा ठेवा. साधारण असा:

"माझा निकाह तुमच्याशी दि. … रोजी … येथे झाला. दि. … आणि दि. … रोजी दोन्हीकडच्या मंडळींनी समेटाचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. मी हे लग्न खुल्याने संपवत आहे. मेहर म्हणून मला मिळालेली … रुपयांची रक्कम परत करण्यास मी तयार आहे. माझे माहेरचे दागिने व सामान, इद्दतीचा खर्च आणि मुलांचा खर्च यांवरचा कोणताही हक्क मी सोडलेला नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. छापील खुलानाम्यांत नेमकं उलटं वाक्य असतं: "यापुढे माझा कोणत्याही प्रकारचा हक्क, दावा अगर मागणी राहणार नाही." सही करण्याआधी ते खोडायला लावा. मेहर मिळालाच नसेल तर "मेहरची न मिळालेली रक्कम मी सोडत आहे" इतकंच लिहा. पूर्वी मिळाल्याची खोटी कबुली देऊ नका.

नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. दोन निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट ठेवा. खुलानाम्यावर दोन साक्षीदार घ्या. शिया कुटुंबात तर त्याशिवाय चालणारच नाही. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई शाखेचे आहेत, बोहरा समाजाची व्यवस्था वेगळी आहे. आपापल्या मसलकची (पंथाची) रीत जाणत्या माणसाला विचारून घ्यावी.

मग कुटुंब न्यायालय

खुला किंवा मुबारत झाल्यावर १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली वैवाहिक स्थिती जाहीर करून मागण्याचा अर्ज करा. इथे कोर्टाने नव्याने घटस्फोट द्यायचा नसतो. झालेला खुला नीट झाला का, एवढंच पाहून शिक्कामोर्तब करायचं असतं. मुबारत असेल तर दोघांनी मिळून अर्ज केला की काम सोपं होतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कुटुंब न्यायालयं आहेत. नसतील तिथे दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

हा टप्पा गाळला तर काय होतं? समजा तुम्ही नुसत्या खुलानाम्यावर दुसरा निकाह केला आणि पहिल्या नवऱ्याने खुलाच अमान्य केला. मुस्लिम पुरुषाला चार लग्नांची मुभा असली तरी बाईचं पहिलं लग्न टिकून असताना केलेलं दुसरं लग्न हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. ही धमकी देऊन पैसे उकळणारे नवरेही असतात.

दोष त्याचा असेल तर १९३९ चा दावा

माझा कल या वाटेकडे जास्त आहे, वेळ लागत असला तरी. कलम २ मधली नेहमी लागणारी कारणं अशी: चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, दोन वर्षं त्याने खर्च दिला नाही, सात वर्षांची किंवा जास्त शिक्षा झाली, तीन वर्षं योग्य कारणाशिवाय संसाराची कर्तव्यं पाळली नाहीत, लग्नाच्या वेळी आणि नंतरही तो नपुंसक आहे, क्रूरता. क्रूरतेत मारहाण तर येतेच, पण बायकोची मालमत्ता विकून टाकणं, तिला धर्माचरणात अडथळा आणणं, आणि दोन बायका असताना समान न वागवणं हेही येतं. दुसरं लग्न केलं एवढं कारण पुरत नाही, असमान वागणूक दाखवावी लागते.

करोनानंतर 'दोन वर्षं खर्च नाही' हे कारण पुढे करणाऱ्यांना एक उत्तर हमखास मिळतं: "माझं काम गेलं होतं, मी देणार कुठून?" कायद्याचे शब्द इथे नीट वाचावेत. तीन वर्षं कर्तव्यं न पाळण्याच्या कारणात "योग्य कारणाशिवाय" हे शब्द आहेत, दोन वर्षं खर्च न देण्याच्या कारणात ते नाहीत. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी केरळ उच्च न्यायालयात १९७० मध्ये यूसुफ रावथर खटल्यात हाच अर्थ लावला: खर्च का दिला नाही हे पाहायचं नाही, दिला की नाही एवढं पाहायचं. सगळी उच्च न्यायालयं त्याच मताची नाहीत, बायको कारणाशिवाय माहेरी राहिली तर तिला खर्च मागता येत नाही असंही म्हटलं गेलं आहे. म्हणून दाव्यात दोन वर्षं खर्च न दिल्याचं एकच कारण लिहू नका. जोडीला क्रूरता किंवा तीन वर्षांचं कारण बसत असेल तर तेही घाला, आणि तुम्ही माहेरी का आलात त्याची तारीखवार हकिकत द्या.

दावा साधारणपणे लग्न जिथे झालं, दोघं शेवटी जिथे राहिले किंवा नवरा जिथे राहतो तिथे लावतात. घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना कोर्ट फी माफ केलेली आहे. कारकुनाने मागितली तर ही अधिसूचना दाखवा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

पुढचा प्रवास ठरलेला: समन्स, विवाह समुपदेशकाच्या खोलीतली बैठक, नवऱ्याची कैफियत, तुमचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, हुकूमनामा. समुपदेशकापुढे रडू आलं तर येऊ द्या, पण नवऱ्याच्या नातलगांदेखत काही कबूल करू नका. सुनावणी बंद खोलीत व्हावी असं वाटत असेल तर मागा, कायद्यात सोय आहे. व्हिडिओ सुनावणीची सवय कोर्टांना महामारीत लागली. माहेर रत्नागिरीला आणि खटला मुंबईत असेल तर प्रत्येक तारखेला हजर राहण्याऐवजी व्हिडिओची परवानगी मागावी, ती देणं न्यायाधीशांच्या हातात असतं. नवरा कुवेत-दुबईत असेल तर त्याच्या ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवरही समन्स पाठवू देण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्या.

ठावठिकाणा नसल्याच्या कारणावर हुकूमनामा झाला तर तो सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा परत येऊन नांदवायला तयार असल्याची कोर्टाची खात्री पटली तर तो रद्दही होतो. या दाव्यात नवऱ्याच्या वारसांना, आणि वारस नसले तरी त्याच्या काका आणि भावांना, नोटीस द्यावी लागते. ती राहून गेली की दावा पुन्हा मागे जातो.

हुकूमनाम्यानंतर

अपिलाची मुदत संपल्याची खात्री वकिलाकडून करून घ्या. नकलेच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढा, एकेकीसाठी पुन्हा कोर्टाच्या खेपा नकोत. इद्दत १९८६ च्या कायद्यानुसार पाळी येत असेल तर तीन पाळ्या, येत नसेल तर तीन चांद्र महिने, गरोदर असाल तर बाळंतपणापर्यंत. खुल्याची इद्दत एकच पाळी असं मानणारे आलिम आहेत, पण आपल्याकडे बहुतेक हनफी तीनच धरतात, आणि कागदावरही तीन धरलेल्या बऱ्या. घटस्फोट झालेल्या स्त्रीला त्याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे इद्दतीच्या मुदतीत 'योग्य आणि न्याय्य' तरतूद, राहिलेला मेहर आणि लग्नात मिळालेलं सामान मागता येतं. २००१ च्या डॅनियल लतीफी निकालाने ही तरतूद पुढच्या आयुष्याचा विचार करून द्यायची आहे, असं ठरवलं.

रेशनकार्डावरून नाव वेगळं करा, बँकेत वारस म्हणून लावलेलं नवऱ्याचं नाव बदला, विमा असेल तिथेही. माहेरचं आडनाव परत लावायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो.

आणि पुन्हा निकाह करायची वेळ आली तर निकाहनाम्याचा शर्तींचा रकाना कोरा सोडू नका. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, अमुक महिने खर्च दिला नाही किंवा हात उचलला तर तलाकचा अधिकार माझ्याकडे, ही तफवीजची अट काझींसमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. मेहरची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, आणि ती त्याच दिवशी किती मिळाली, हेही.